धार पडतेय ना?

खाडीच्या मधोमध मोटर तापून बंद पडली, तेव्हा माझ्या नावेतले सगळे उतारू ओरडले, एक सोडून. तो मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन बसला होता. उठला, बोट ओलं केलं आणि मोटरच्या डोक्याला टेकवलं... चर्र!

"धार कधी थांबली?"

"कसली धार?"

"मोटरच्या मागून पाण्याची बारीक धार पडते ना, ती. ती पडत असली की मोटर थंड. तिच्यावर लक्ष ठेवायचं असतं, बाईसाहेब."

"नाव मागे बघून चालवत नाहीत, मिस्त्रीसाहेब!"

तो हसला. आणि मला, एकोणीस वर्षांच्या मुलीला, पायाशी पडलेली वल्ही सापडेनात.

बाबांचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून नाव माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी चार वाजता तपासनीस येणार होते. न थांबता तीन फेऱ्या झाल्या तर परवाना. नाहीतर बाबांचा तीस वर्षांचा धक्का पलीकडच्या नाववाल्याला!

मिस्त्री संध्याकाळी घरी आला. मोटरला थंड पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखा झिजला होता. त्याने नवा बसवला, मोटर अंगणात पाण्याच्या ड्रमवर चढवून सुरू केली. मी दोरीवरचे कपडे काढत होते. त्या घरघराटात तो काहीतरी विचारायचा, मी "काय?" म्हणायचे, तो "काय?" म्हणायचा... एकाच कपड्याची मी चारदा घडी घातली.

सकाळी पहिल्याच फेरीत मोटर पुन्हा तापली.

"बोलवा त्या दीडशहाण्याला!" बाबा कडाडले.

तो सायकल दामटत आला. पंप उघडला, तर जळक्या रबराचा वास.

"कालचाच ना रे हा पंखा?"

"हो, काका. कोरडा फिरला की मिनिटात जळतो. ड्रममधलं पाणी उडून उडून खाली गेलं होतं."

"आणि तू काय झोपला होतास?"

"जागा होतो." त्याचे कान लाल झाले. "पण... ड्रमकडे बघत नव्हतो."

"मग कुठे बघत होतास?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग बाबांनीही. मी आपली धक्क्यावरची कावळ्यांची रांग मोजायला लागले!

"वरच्या गावाला माझ्या मामांची अशीच मोटर आहे, तिचा पंखा काढून आणतो," तो म्हणाला. "मारतील... पण आणतो."

पावणेचारला तो परत आला. बाबांच्या शेजारी बसून पंखा चढवला आणि नावेत माझ्यामागे येऊन बसला.

"तुम्ही पुढे बघा. धार मी बघतो."

पहिली फेरी. तपासनीस घड्याळ धरून बसलेले.

"धार पडतेय ना?"

"पडतेय."

दुसरी फेरी. वारा समोरून, मोटर करवादतेय...

"बघताय ना नक्की?"

"धारच बघतोय हो, शपथ!"

तिसऱ्या फेरीला नाव धक्क्याला लागली. तपासनिसांनी कागदावर शिक्का मारला आणि मागून हळूच आवाज आला —

"आता दुसरीकडे बघितलं तर चालेल?"

"बाबांना विचारा."

"विचारलं मघाशी, पंखा चढवताना."

"अय्या! मग... काय म्हणाले?"

"म्हणाले, आधी तीन फेऱ्या काढ."

पन्नास वर्षं झाली. आता नाव आमचा मुलगा चालवतो. पण मोटर ड्रमवर चढवायचा मान अजून ह्यांचाच. आणि दरवेळी मोटरची दोरी ओढण्याआधी अंगणातून हाक येते —

"अगं, तू जरा आत जा बघू. मोटर सुरू करतोय!"