मागचं डावं चाक

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर खाली हसरे चेहरे टाकू नका, गप पुढे जा. त्या हसण्याचा मला आता राग येतो.

मी राजानंद. गाव वाटूरजवळ. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, वाटूर ते जालना रस्त्यावर हे घडलं.

बायकोला, प्रीतीला, नववा महिना चालू होता. पहिलं बाळ पोटातच गेलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की थेट जालना, वाटेत कुठे थांबायचं नाही.

म्हणून मी हसनाबादच्या रायभानकडून जुनी गाडी घेतली. एवढी स्वस्त का देताय विचारलं, तर अंगावरच आला.

"घ्यायची तं घ्या, न्हाई तं व्हा बाजूला!"

घेतली.

आठवडाभरातच समोर एक पिवळा दिवा लागला. घसरणारी गाडी, मागे दोन वाकड्या रेघा. म्हणजे गाडी रस्ता धरून चालते की नाही, हे पाहणारी यंत्रणा बंद पडली.

मोठ्या वर्कशॉपमधल्या माणसाने बॉनेटही न उघडता अख्खं युनिट बदलायला सांगितलं. खर्च ऐकून मी त्याला चार शब्द सुनावले आणि वाटूरला कल्याणकडे आलो. कल्याण मिस्त्री तोंडाचा फाटका, पण उगीच पार्ट बदलत नाही.

भर दुपार होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

कल्याणने स्वस्तातलं स्कॅनर गाडीला लावून माझ्या मोबाईलला जोडलं. स्क्रीनवर चारही चाकांचा वेग दिसायला लागला. मी गाडी चालवली. तीन चाकं चाळीस सांगत होती.

मागचं डावं... बारा.

"सेन्सर गेला," कल्याण म्हणाला. "डावा उजवीकडं लावतो. फाल्ट उजवीकडं गेला तं सेन्सर खराब. फुकटात कळतं."

लावला. पुन्हा चालवली.

फाल्ट डावीकडेच.

वायर पाहिली. धड होती. चाक हाताने फिरवलं. मोकळं फिरत होतं. मी वैतागून गाडी त्याच्या दारातल्या झाडाखाली उभी केली. चावी चालू होती, गाडी जागेवर होती. तीन चाकं शून्यावर आली.

चौथं... चार.

मग पाच.

कल्याण स्क्रीनकडे पाहत राहिला.

"गाडी उभी हाय ना? मंग हे कोन चालून राह्यलं?"

आम्ही दोघांनी मागे पाहिलं. रिकामा रस्ता. तापलेलं डांबर.

आकडा नऊ झाला. कुणीतरी आता पळत होतं...

कल्याणने खाली उतरून बॉनेटवर थाप मारली. "नीघ! घिऊन जा गाडी. माझ्या दारात नको."

"अरे, पण झालंय काय?"

"जा म्हन्तो ना!"

मी त्याला शिव्या घालत निघालो. गाडी हलली आणि आकडा पुन्हा मागे पडला. त्याचं स्कॅनर गाडीतच राहिलं. घाबरलो होतो, पण मान्य कोण करणार? वायरच शॉर्ट असेल, असं स्वतःला सांगितलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला प्रीतीला कळा सुरू झाल्या.

आमच्याकडे बाळंतपणाला गावातली आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणारी बाई, सोबत जाते. आमच्या आशाताई म्हणजे गिरिजाबाई. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "गावाबाहेर थांबा, आलेच."

"थांबायला वेळ नाही! तुम्ही या मागून!" मी ओरडलो आणि फोन ठेवला.

प्रीती मागच्या सीटवर होती. मी गाडी दामटली. मोबाईल समोरच लावलेला होता. तीन आकडे साठ. चौथा तेवीस, चोवीस... ते जे काही होतं, ते दमत नव्हतं.

अर्ध्या वाटेत मेंढरांचा कळप रस्त्यावर आला. गाडी थांबवावीच लागली. मी हॉर्न वाजवला, मेंढपाळावर खेकसलो. मेंढरं गाडीच्या उजव्या बाजूने निघाली. सगळी उजव्याच बाजूने.

डावीकडे एकही येईना.

तीन शून्य. चौथा... वीस. तीस.

मागे दार वाजलं. टक.

"प्रीती, दार का उघडलं?"

"चला, जल्दी चला आता," ती कण्हत म्हणाली. उलटी आली असेल, असं वाटलं. कळप सरला होता. मागे न बघताच मी गाडी काढली.

आणि पिवळा दिवा विझला.

चारही चाकं एकसारखी साठ. खरं सांगतो, मला रडू आलं. वाटलं, सुटलो. जालन्यापर्यंत गाडी लोण्यासारखी चालली.

दवाखान्याच्या दारातूनच प्रीतीला स्ट्रेचरवर नेलं. मी गाडी लावून आलो तर नर्सबाईंनी हात आडवा केला.

"एकच जण आत चालेल. तुमच्या आशाताई गेल्यात की."

गिरिजाबाई मागून येऊन पोचल्या असतील, असं समजून मी बाकावर बसलो.

थोड्या वेळाने गिरिजाबाई आल्या. नवऱ्याच्या मोटारसायकलवरून. घामाघूम.

"गावाबाहेर उभी होते ना वो मी! हात केला, तुमी पाह्यलं बी न्हाई!"

तेवढ्यात आत बाळ रडलं. मी नर्सला ढकलून आत घुसलो.

डॉक्टर, प्रीती आणि बाळ. चौथं कुणीच नव्हतं.

मुलगी झाली होती. प्रीती थकून हसली.

"गिरिजाताई कुठं गेल्या? किती पळल्या बिचाऱ्या. तोंडाला पदर, खांद्याला पिशवी. म्हनून दार उघडलं मीच. सगळा रस्ता पोटावर हात ठिवून बसल्या होत्या. लई गार हात. एकच म्हनत होत्या..."

"काय?"

"आता न्हाई सुटत."

धीर देत होत्या, असं प्रीतीला वाटतं. मी तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

पोरगी आता रांगते. ठणठणीत आहे. पण मधेच खेळणं टाकून कोपऱ्यात बघते आणि दोन्ही हात वर करते... उचलून घे म्हणून.

दिवा पुन्हा लागलेला नाही. रोज चावी फिरवतो, आणि तो लागावा म्हणून बघत बसतो. लागला, तर ती बाई पुन्हा गाडीमागे आहे, घरात नाही, एवढं तरी कळेल.