घरट्यातलं तिसरं पिल्लू

"पहारेकऱ्याला मी आजच घरी बसवणार!" अनाथालयाचे संचालक तावातावाने म्हणाले.

सभागृहाच्या दारावर संस्थेचं लाकडी मानचिन्ह होतं. ढालीवर घरटं, पंख पसरलेली पक्षीण आणि तीन पिल्लं. कालपासून दोनच उरली होती.

ताई स्टुलावर चढली. असल्या भानगडी उलगडणं हाच तिचा व्यवसाय. स्टूल धरायला तिचे दीर होते.

"काय दिसतंय, वहिनी?"

"पिल्लामागेही घरट्याच्या काड्या पूर्ण कोरल्यात, भाऊजी. मध्ये खुंटीचं भोक. ओरखडा एकही नाही, वर तेलाचा हात फिरवलाय."

"चोर भलताच टापटीप!"

पहारेकरी पुढे झाला. "बावीस वर्षांत इथली काडी हलली नाही, ताई. काल फक्त सुतारकाका आले होते, खुर्च्या दुरुस्त करायला."

मानचिन्ह सुतारकाकांनीच घडवलेलं. आजही खुर्च्या ठोकत बसलेले काका मान वर न करता म्हणाले, "तिन्ही पिल्लं एकाच लाकडातून, एका दमात कोरली. तीन पिल्लं म्हणजे अन्न, निवारा, शिक्षण. संस्थेच्या पत्रकात छापलंय की."

"आणि तसंही सोमवारी हे मानचिन्ह उतरणारच होतं," संचालक म्हणाले. "नवं पत्र्याचं येतंय. जुनं जळणात टाका, असं काकांना कालच सांगितलंय."

ताईने पहारेकऱ्याला फाटकावर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"जे झाकलं जाणार, ते कुणी कोरत बसतं का? तिसरं पिल्लू मागाहून बसवलंय. काका, तुम्ही खोटं बोललात. दुसऱ्या कुणी ते तोडलं असतं. तुम्ही खुंटी ओळखून अलगद सोडवलंत, उघड्या जागेला तेल लावलंत. जळणाचंही तुम्हाला कालच कळलं होतं. पण का केलंत, ते मला सांगता येत नाही."

काकांनी पिशवीतून एक टोपडं काढलं. आत पिल्लू होतं.

"बायको बाळंतपणात गेली. लेकीला इथे आणून ठेवलं, तीही तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हा संस्था चालवणाऱ्या तुमच्या आई म्हणाल्या, 'ती आमचीच. तिलाही घरट्यात बसव.' तिला जळणात कसं टाकू, साहेब?"

भाऊजींनी तोंड फिरवलं.

"नाव काय होतं तिचं?" संचालकांनी हळूच विचारलं.

"ठेवायचं राहूनच गेलं."

संचालक पहारेकऱ्याची माफी मागायला स्वतः फाटकापर्यंत चालत गेले.