पाचव्या आणि सहाव्या गल्लीच्या मधे

मी मोजणी खात्यातला माणूस. भूकरमापक. बांध कुणाचा यावर लोक एकमेकांच्या अंगावर धावून जातात, मी मुकाट्याने टेप लावतो. कुणी अचाट काही सांगू लागलं की माझं एकच, मोजलंत का? हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून मला येड्यात काढायची कुणाला घाई व्हायला नको.

श्रावणातला शनिवार होता, कानबाईच्या सणाचा आदला दिवस. सकाळी दहाला धुळ्याच्या स्टँडवर उतरलो. चौतीस वर्षांचा रावेरचा माणूस, आणि धुळ्यात पाय टाकायची ही पहिलीच वेळ. हसा खुशाल.

आलो होतो धाकट्या भावाला शोधायला. तीन वर्षांपूर्वी, अशाच शनिवारी, समाधान पोलीस भरतीला इथे आला होता. दुपारी त्याचा फोन आला, "दादा, पाचव्या गल्लीच्या पुढे आहे. एका घरी पाणी मागितलं. बाया रोटाचे गहू मोजताहेत, मलापण बसवलंय." त्यानंतर फोन बंद. तेव्हा माझा पाय मोडलेला, मी प्लास्टर घालून खाटेवर पडलेलो. मामा आठ दिवस शोधून हात हलवत परत आला. मी उठून गेलो नाही, हे मला आजही खातं.

आमच्याकडे कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. कालचं तान्हं असो की नव्वदीचा आबा. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याला कण द्यायचा नाही. आमच्या घरी पाच मुठी. वडील, काका, काकांचा युवराज, मी आणि समाधान. तो गेल्यावरही आईने त्याची मूठ सोडली नव्हती. पण नसलेल्या माणसाची मूठ घराला बाधते, असं म्हणून म्हणून भाऊबंदांनी तिला पार थकवलं. निघताना ती मला म्हणाली, "सांजलोक काही पत्ता लागला तं टाकते त्याची मूठ. नाही तं आता नाही रे बापा."

म्हणजे माझ्या हातात संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

खरं सांगतो, काळजी होती तरी गाव पाहून जीव हरखला. पहिली गल्ली, दुसरी, तिसरी, नंबर टाकून सरळ आखलेल्या. अहो, माझ्यासारख्याला अजून काय पाहिजे! भांड्यांची दुकानं, मिरच्यांचा ठसका, हातगाडीवर आमच्याकडचीच केळी धुळ्याला येऊन तोऱ्यात बसलेली. सवयीने पावलं मोजत होतो. चौथी ते पाचवी बहात्तर. पाचवी ते सहावी एकशे चव्वेचाळीस.

असं कसं? उलटा आलो. बहात्तर.

पुन्हा गेलो, आणि या वेळी बहात्तराव्या पावलाला थांबलो. डाव्या हाताला गल्लीचं तोंड होतं. नंबर नाही, पाटी नाही. आत एक निंब, एक हातपंप. परत फिरायला हवं होतं, पण मोजणीत चूक कुठे झाली ते बघितल्याशिवाय माझा पाय निघत नाही.

आत गेलो तशी मागच्या रस्त्याची हॉर्नची कटकट एकदम थांबली. भिजल्या डाळीचा वास येत होता. सगळी दारं सताड उघडी, आणि प्रत्येक दारात पुरुषांच्या चपला. तिसऱ्या दारात निळी स्लीपर दिसली. तिचा तुटलेला पट्टा लाल वायरने बांधलेला होता. ती वायर मी बांधली होती.

बूट काढून आत गेलो. चार बाया गोल बसल्या होत्या. मधे पांढऱ्या कापडावर गव्हाचे छोटे ढीग होते. ढिगांशी एक म्हातारी होती, बाकीच्या तिला पार्वताबाई म्हणत होत्या.

"ये रे भाऊ," ती म्हणाली. "पानी पेस का?"

मी नको म्हणालो. तेवढ्यात आतून परात घेऊन समाधान आला. तोच चौकड्याचा शर्ट. तीच विरळ मिशी. तीन वर्षांत केसभरही बदल नाही.

"समाधान!" मी ओरडलोच.

त्याने माझ्याकडे पोस्टमनकडे पाहावं तसं पाहिलं. मग म्हातारीला विचारलं, "माय, कोन उना?"

आमच्या घरात कुणी अहिराणी बोलत नाही. समाधानला तर ती येतही नव्हती.

"हा माझा भाऊ आहे," मी म्हणालो. "ह्याची मूठ आमच्या घरी मोजतात. इथली काढा."

बायांचे हात थांबले.

"काढसू," पार्वताबाई शांतपणे म्हणाली. "पन ढीग सात शेतस. सातच पायजे."

"मग माझी टाका!" मी हसलो. गव्हानं काय होतं? मला काही तो रोट खायचा नव्हता.

तिने एक ढीग उचलून सुपात ओतला. त्या जागी सव्वा मूठ नवे गहू ठेवले.

"ही हितेंद्रनी," ती म्हणाली.

मी तिला नाव सांगितलं नव्हतं.

परात खणकन पडली. "दादा?" समाधान डोळे चोळत होता. "तू कसा आलास? पाय मोडलाय ना तुझा?"

मी त्याला मिठी मारली. ढसाढसा रडलो, लाज कसली त्यात. त्याचा हात धरून तसाच अनवाणी बाहेर ओढला. "चल. आधी घरी चल."

निंब मागे पडला. हातपंप मागे पडला. गल्लीच्या तोंडाशी त्याचा हात सुटला आणि तो रस्त्याच्या उन्हात गेला. त्याच्यामागून मी पाऊल टाकलं.

समोर तिसरं दार होतं.

पुन्हा चालत गेलो. बहात्तर पावलं. तिसरं दार.

अकरा वेळा मोजलं. निळी स्लीपर गेली होती. तिच्या जागी माझे बूट कुणीतरी नीट लावून ठेवले होते.

चार वाजता फोन लागला.

"आई, समाधान सापडला!"

"हो ना!" ती रडत होती, हसत होती. "स्टँडवरून त्याचा फोन आल्ता. चारही मुठी टाकल्या मी. पन तुम्ही कोन बोलता भाऊ? नाव नाही दिसत फोनात."

"चार? आई, मी हितेंद्र."



"तुम्हीच का त्याले वाट दाखवली? लई उपकार झाले, भाऊ. आता सांज होते, घरी जा तुम्ही. तुमच्या मायले माहा नमस्कार सांगा."

फोन कटला. मी आत गेलो आणि मायला निरोप सांगितला.