एका दगडाखालच्या चार मुंग्या

एकाच दगडाखाली, एकाच सकाळी, मुंग्यांच्या चार नव्या जाती सापडू शकतात का?

टिपण्याच्या मते सापडू शकत होत्या. टिपण्या हा मुंग्या ओळखणारा यंत्रमानव. कंबरेएवढा उंच, सहा डोळ्यांचा आणि सरकारी कागद वाचून भाषा शिकलेला. सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याने चार बाटल्यांतल्या मुंग्या पाहिल्या आणि चार अहवाल तयार केले. बारा वर्षांच्या ऋजुता मेस्त्रीने ते जिल्ह्याच्या जैवविविधता समितीला लगेच पाठवून दिले. तिची आत्या डॉ. सुलभा मेस्त्री तीस वर्षे मुंग्यांचे वर्गीकरण करत आली होती. पण त्या वेळी ती दातांच्या डॉक्टरकडे होती.

घाईला कारण होते. गावामागच्या वाघधोंड सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर, मालवाहू ड्रोनचा तळ होणार होता. सुनावणी त्याच दिवशी पाचला होती. जगात दुसरीकडे कुठेच नसलेला जीव एखाद्या जागी आढळला, तर तिथे बांधकाम करता येत नाही, असा २०५८ सालचा नियम होता. दोन वर्षे त्या सड्यावरचे दगड उलटून पाहणाऱ्या ऋजुताला सडा वाचवायचा होता. एका जातीने वाचतो, तर चार जातींनी नक्कीच वाचेल, असा तिचा हिशेब.

आत्या साडेबाराला परतली. अर्धा गाल बधिर असल्याने ती कमी बोलली, पण जे बोलली ते पुरेसे होते. कोणती बाटली कोणत्या वारुळातली, एवढेच तिने विचारले. ऋजुताने अभिमानाने सांगितले की सगळ्या मुंग्या एकाच दगडाखालच्या, पण तिने त्या नीट निवडून लावल्या होत्या. पहिल्या बाटलीत मोठ्या डोक्याच्या, दुसरीत लहान डोक्याच्या, तिसरीत बारीक पंखवाल्या, चौथीत जाड पंखवाल्या. तिची आई शिवणकामाची बटणे आकाराप्रमाणे डब्यांत लावते, अगदी तशा.

आत्याने डोळे मिटून घेतले.

"अगं, एका घरातली माणसं तू चपलांच्या मापावरून चार घरांत वाटलीस."

आत्याच्या प्रयोगशाळेत एका वारुळाला एकच बाटली असते आणि टिपण्याला तेवढेच ठाऊक होते. चार बाटल्या म्हणजे चार वारुळे, असे त्याने धरले. जनुकीय तपासणी का केली नाहीस, असे आत्याने विचारले. तेव्हा तो म्हणाला, "माननीय महोदया, तसा लेखी अर्ज प्राप्त झाला नव्हता." आत्याने तो तिथल्या तिथे लिहून दिला.

तपासणीला तासभर लागला. तेवढ्यात आत्याने ऋजुताला सूक्ष्मदर्शकापुढे बसवले. एका वारुळात एकाच जातीच्या मुंग्या किती वेगळ्या दिसतात, ते तिला पाहायला लावले. लहान डोक्याच्या त्या कामकरी (अन्न आणणाऱ्या, पिल्ले सांभाळणाऱ्या माद्या). मोठ्या डोक्याच्या त्या सैनिक (त्याही कामकरीच, पण कठीण बिया फोडणाऱ्या आणि वारूळ राखणाऱ्या). बारीक पंखवाले नर. जाड पंखवाल्या होऊ घातलेल्या राण्या. नर आणि राण्या उडून जाण्याची वाट पाहत वारुळातच थांबतात. जुन्या काळी संशोधकांनाही नर एकीकडे आणि कामकरी दुसरीकडे सापडत, आणि ते एकाच जातीला दोन नावे देऊन बसत.

पावणेदोनला निकाल आला. चारही बाटल्यांतली मुंगी एकाच जातीची निघाली.

ऋजुताचा चेहरा उतरला. पाचपर्यंत गप्प राहू या, असे तिने सुचवून पाहिले. आत्याने मान हलवली. समितीतल्या कुणीही एक बाटली उघडली तरी सगळे बाहेर येईल आणि मग खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही, असे ती म्हणाली. चारही अहवाल मागे घेतल्याचे पत्र ऋजुताने स्वतः लिहिले.

आता उरलेली एक जात तरी नवी होती का? टिपण्या म्हणाला, नाही. सकाळी चार बाटल्या वेगवेगळ्या धरल्याने कुठलीच कशाशी जुळली नव्हती, पण एकत्र धरल्यावर एका जुन्या, माहितीतल्या जातीशी ती शहाण्णव टक्के जुळते.

"शहाण्णव टक्के कशात?" आत्याने विचारले.

उत्तर निघाले, रंगात आणि लांबीत; त्या जुन्या जातीची जनुकीय नोंदच नव्हती. आत्या वैतागली. रंग वयाप्रमाणे बदलतो, लांबी खाण्याप्रमाणे. वर्गीकरणात टिकणारी खूण लागते. तिने संग्रहालयातून त्या जुन्या जातीच्या मूळ नमुन्याची (ज्या एका मुंगीवरून जातीचे पहिले वर्णन लिहिले गेले, तिची) घन प्रतिमा मागवली. हवेत टरबुजाएवढी मुंगी तरंगू लागली. तिच्या शेजारी ऋजुताची सैनिक मुंगी.

पाच मिनिटे ऋजुता नुसती पाहत राहिली. मग तिने कंबरेकडे बोट दाखवले. या मुंग्यांच्या कंबरेला दोन गाठी असतात. जुन्या जातीत मागची गाठ गोल होती. ऋजुताच्या मुंगीत तिला दोन्ही बाजूंना टोके होती.

आत्याने विचारले, ही खूण या एकाच मुंगीची तर नसेल? म्हणून वीस सैनिकांची मापे घेतली. डोक्याची रुंदी, शृंगिकेच्या (डोक्यावरच्या वास घेणाऱ्या अवयवाच्या) पहिल्या कांडाची लांबी, गाठीची रुंदी. विसांतही टोके होती. त्या प्रजातीतल्या (जवळच्या जातींच्या गटातल्या) इतर जातींच्या प्रतिमा पाहता पाहता साडेचार झाले. टोके एकीतही नव्हती.

पाच वाजता समितीचे अध्यक्ष वामन तिर्लोटकर पडद्यावर आले. त्यांच्यापुढे सकाळचे चार अहवाल आणि दुपारचे पत्र होते.

"सकाळी चार होत्या. आता एक म्हणता. रात्रीपर्यंत शून्य होणार का?"

आत्या उत्तर देईल म्हणून ऋजुताने तिच्याकडे पाहिले. आत्या गाल चोळत बसली होती.

"होऊ शकतात, सर," ऋजुता म्हणाली. "चार ही माझी चूक होती. ही एक नवी वाटते, कारण हिच्या कंबरेची गाठ वेगळी आहे. पण ती फक्त आमच्याच सड्यावर आहे का, ते मला माहीत नाही. मी दुसरीकडे पाहिलेलंच नाही."

तिर्लोटकरांनी चष्मा काढून पुसला. लोक आपल्यापुढे खात्रीने बोलतात आणि नंतर आपल्यालाच निस्तरावे लागते, अशी त्यांनी तक्रार केली. मग निर्णय सांगितला. तळाचे काम दिवाळीपर्यंत थांबेल. तोवर आसपासच्या अकरा सड्यांवर ही मुंगी शोधायची. एका जरी सड्यावर सापडली, तर वाघधोंडावर तळ होईल.

पडदा बंद झाल्यावर ऋजुताने अकरा सड्यांची यादी काढली. जी मुंगी सापडू नये असे तिला मनापासून वाटत होते, तीच आता तिला मनापासून शोधायची होती.

"थोडं कमी शोधलं तर?" तिने हळूच विचारले.

"तर आपल्याला काहीच कळणार नाही," आत्या म्हणाली. "फक्त सडा तेवढा वाचेल. तोही पुढचा कुणी नीट शोधेपर्यंत."

मंगळवारी सकाळी सातला तिघे पहिल्या सड्यावर पोचले. ऋजुताने दहा दगड उलटले. काळ्या मुंग्या दिसल्या, तांबड्या दिसल्या, एक विंचूही दिसला. टोके असलेली कंबर कुठे दिसली नाही. नमुन्यादाखल दहा दगड नियमानुसार पुरेसे आहेत, असे टिपण्याने नम्रपणे कळवले.

सड्यावर अजून शेकडो दगड होते. ऋजुता अकराव्याकडे गेली.