खाचेच्या रंध्याची आयाळ

"पोतं इथंच होतं," रिकुया तिसऱ्यांदा म्हणाला. "काल मी त्यावर बसून कलिंगड खाल्लं."

"मग त्याला कलिंगडाचाच वास मारत असेल. मुंग्यांनी ओढून नेलं," तोगो म्हणाला.

दुकानामागच्या पडवीतल्या रिकाम्या कोपऱ्याकडे चिनामी बघत राहिली. दुपारी दोनला देवळापुढे हरणनाच होता, आणि यंदा, वयाच्या बाराव्या वर्षी, पहिल्यांदाच हरणाचं लाकडी मुंडकं तिच्या डोक्यावर चढणार होतं. मुंडकं तयार होतं, शिंगं तयार होती. नव्हती ती आयाळ. नामिओरी गावात जुनी आयाळ नाचाच्या दिवशी पहाटे समुद्रकाठी जाळतात आणि दुपारी नवी चढवतात. जुनीची राख लाटांनी केव्हाच नेली होती.

ही आयाळ लाकडाची असते. रंध्याने काढलेल्या, कागदाहून पातळ, हातहात लांब झिरमिळ्या. चिनामीच्या आजोबांनी, यासुकिचींनी, त्या गेला हिवाळाभर बसून काढल्या होत्या. पोतं भरलं आणि आठवड्याभरात त्यांचा उजवा हात लुळा पडला. आता दुसरं पोतं भरणारं गावात कुणी नव्हतं. घरी समुद्राची ओल येते, म्हणून पोतं धक्क्यावरच्या ओनोदेरा काकांच्या कोरड्या पडवीत ठेवलेलं.

"शेजारच्या गावाने पळवलं," तोगो म्हणाला. तो तेरा वर्षांचा मामेभाऊ, सेंदाई शहरातून सुट्टीला आलेला. त्याला कशातही चोर दिसायचा. "गेल्या वर्षी त्यांचा नाच बघायला कुत्रंसुद्धा आलं नव्हतं."

"दोन आली होती," रिकुया म्हणाला. चिनामीचा हा धाकटा भाऊ दहा वर्षांचा, पण मोजणीत पक्का.

तिघे दुकानाच्या पुढच्या अंगाला आले. तिथे पाहुण्यांची झुंबड होती. खडकांच्या कमानी दाखवून आणणारी बोट बारा वाजता त्यांना घेऊन परत जाणार होती. ओनोदेरा काका घाम पुसत हिरव्या काचेचे गोळे डब्यांत घालून विकत होते. पूर्वी असे गोळे जाळी तरंगत ठेवायला बांधत. आता लोक ते खिडकीत ठेवायला नेतात.

एका बाईने मैत्रिणीला दाखवायला डब्याचं झाकण उघडलं. वाऱ्याने आतून काहीतरी उडालं आणि चिनामीच्या चपलेवर येऊन बसलं. पांढरट, वळलेली एक झिरमिळी.

तिने ती उन्हात धरली. टोकापासून टोकापर्यंत केसाएवढी बारीक रेघ होती. आजोबांच्या रंध्याच्या पात्याला खाच आहे. त्सुनामीच्या मोठ्या लाटेनंतर घराच्या जागी चिखल उरला, त्यातून त्यांनी तो रंधा उकरून काढला. गंज घासला, धार लावली. खाच मात्र तशीच ठेवली.

"चोर सापडला," चिनामी म्हणाली. "गोळे विकतोय."

काकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. "ते पोतं? पेंढा यायचा होता, तो आला नाही. पोतं कुणाचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी भलं माणूस गोळ्यांखाली घालायला…" चिनामीच्या हातातली झिरमिळी त्यांना दिसली. ते खोक्यावर बसले. "चाळीस वर्षं बघतोय गं ही आयाळ. पण डोक्यावर बघितलेली. पोत्यात कधी बघितली नव्हती."

"किती डबे गेले?" तोगोने विचारलं.

"सगळं पोतं संपलं."

"सव्वीस," रिकुया म्हणाला. मघापासून तो लोकांच्या हातातले डबेच मोजत होता.

"गिऱ्हाइकाला दिलेला डबा परत कोणत्या तोंडाने मागू?" काका कुजबुजले. "वीस मिनिटांत बोटीचा भोंगा होईल. यंदा कागदाच्या पट्ट्या लावू. लांबून कुणाला कळतंय?"

"आजोबा पुढच्या रांगेत बसतात," चिनामी म्हणाली.

चिनामीची नजर त्यांच्या गल्ल्यावर गेली. तिथे खिळ्याला एक पिवळी पडलेली झिरमिळी टांगलेली होती.

"काका, ही कुठली?"

"गेल्या वर्षी नाचताना गळलेली. घरात असली की समुद्रावर गेलेला माणूस घरी येतो."

"आणि न नाचलेली असली तर?"

"तर काय, नुसतं लाकूड…" काकांनी खिळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तोगो, बोटवाल्याचा कर्णा माग."

तोगो कर्णा घेऊन पिंपावर चढला. शहरी पोराचा आवाज धक्काभर घुमला. "पाहुणेमंडळी, तुमच्या डब्यांत हरणाची आयाळ आहे. ती अजून नाचलेली नाही, म्हणजे ते नुसतं लाकूड आहे. आत्ता परत द्या. दोन वाजता ती देवळापुढे नाचेल. जी गळेल ती ज्याची त्याने उचलावी; ती घरात असली की समुद्रावर गेलेला माणूस घरी येतो. काचेभोवती वर्तमानपत्र गुंडाळून मिळेल."

मघाची ती पहिली बाई पुढे आली आणि तिने डबा उघडला. तिच्यामागे रांग लागली. रिकुया मोजत होता, काका वर्तमानपत्रं फाडत होते.

"पंचवीस," रिकुया म्हणाला. "एक बोटीत आहे."

भोंगा झाला, तसा तो फळीवरून आत धावला. एक म्हातारे गृहस्थ डबा मांडीवर घेऊन घोरत होते. रिकुयाने त्यांना हलवून सगळं एका दमात सांगितलं.

"नाच आहे?" ते उठत म्हणाले. "मग मला इथं झोपू का दिलंत?"

बोट जवळजवळ रिकामीच गेली. मागे राहिलेल्यांना चारची बोट होती.

दोन वाजता ढोल वाजला. मुंडक्याच्या आत अंधार होता आणि ताज्या लाकडाचा वास होता. चिनामीने मान झटकली, तशी आयाळ पावसाच्या सरीसारखी सळसळली. थोडी विरळ होती. काही झिरमिळ्या डब्यांत मोडल्या होत्या. तिसऱ्या फेरीत त्या गळू लागल्या आणि पाहुणे वाकून वाकून वेचू लागले. ओनोदेरा काकाही वेचत होते.

नाच संपल्यावर गावच्या वडीलधाऱ्यांनी तिघांना ओट्यावर बोलावलं. नाचाच्या मंडळाचे प्रमुख म्हणाले, "नाच यांनी राखला, आणि आमच्या ओनोदेराची अब्रूही." काकांनी मान लववली आणि दरवर्षी पोत्यावर स्वतः पाटी लावण्याचं कबूल केलं.

घरी आल्यावर आजोबांनी डाव्या हाताने रंधा काढला आणि चिनामीच्या मांडीवर ठेवला.

"हिवाळ्याला चार महिने आहेत," ते म्हणाले. "उद्यापासून बस. धार लावायला शिकवतो."

"आणि खाच?"

"तिला हात लावायचा नाही."