उंटावर दोघांची जागा

माझी आई एका अनोळखी माणसाच्या कानात बोलत होती, आणि मला याचा पत्ताच नव्हता.

लॅपटॉपच्या पडद्यावर तिचे ओठ हलताना दिसत होते. आवाज मात्र नाही. मी हेडफोन दाबून पाहिले, काढून फुंकर मारली, पुन्हा घातले. इतक्यात लांबलचक टेबलाच्या पलीकडून एक उंच मुलगा उठला आणि माझ्यापाशी येऊन अवघडून उभा राहिला.

"माफ करा, पण… तुमच्या आई विचारतायत, जेवलीस का?"

"काय?"

"त्या माझ्या कानात बोलतायत." त्याने स्वतःच्या हेडफोनकडे बोट दाखवलं. "आणि… सांगू की नको… दादाला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. उंटावरून शेळ्या हाकणं आता पुरे, असंही म्हणतायत."

माझे कान तापले. त्याचेही तापले होते, पण त्याच्या कानात निदान आई तरी होती.

तळ्याकाठच्या एका जुन्या हॉटेलात आम्ही काही जण आठवडाभरासाठी एकत्र राहायला आलो होतो. प्रत्येकाचं ऑफिस वेगळ्या शहरात, काम सगळ्यांचं लॅपटॉपवर. दिवसा जेवणाच्या हॉलमध्ये बसून आपापली नोकरी करायची, संध्याकाळी मिळून भटकायचं. हेडफोन जवळजवळ सगळ्यांचे सारखेच काळे, आणि चार्जिंगला एकाच टेबलावर. आदल्या दिवशी मी त्याचे माझे समजून जोडले होते, आणि माझ्या लॅपटॉपने ती ओळख जपून ठेवली होती. लॅपटॉपला माझ्याआधी कळलं होतं, म्हणायचं.

आमच्यात पहिल्याच दिवशी नावाऐवजी कामावरून हाक मारायची सवय पडली होती. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते, म्हणून 'मुखपृष्ठ'. तो विमा कंपनीकडे आलेले नुकसानभरपाईचे अर्ज तपासायचा, म्हणून 'विमावाला'.

"दादाला कसलं उत्तर हवंय?" त्याने संध्याकाळी विचारलं.

"चोंबडा आहेस."

"अर्धं ऐकलंय. अर्ध्यावर झोप लागत नाही."

मग सांगितलं. दादाच्या ऑफिसात एक पक्की जागा होती, माझ्यासाठी अडवून ठेवलेली. एका प्रकाशकबाईंचं वर्षभराचं काम मिळालं, तरच मी त्याला नाही म्हणू शकणार होते. नाहीतर दादाच्या केबिनसमोरची खुर्ची. ती खुर्ची मला नको होती. काही झालं तरी नको होती.

"मग तयारी करू या," तो म्हणाला. इतकं सरळ, की मी बघतच राहिले.

हॉलच्या कोपऱ्यात झाडू-बादल्यांची एक खोली होती. भिंतींना गाद्या टेकवून आम्ही तिची फोनवर बोलायची खोली केली होती. सगळे तिला कपाट म्हणायचे. त्या कपाटात तो रोज प्रकाशकबाई व्हायचा आणि मी माझी चित्रं दाखवायचे. दोन स्टुलं मावायची, गुडघे मावायचे नाहीत. बाहेर वारा तळ्यावरून येऊन खिडकीवर आपटायचा, आणि माझं अर्धं लक्ष त्याच्या बाहीला लागलेल्या शाईच्या डागाकडे असायचं.

"हे निळं छान आहे," तो एकदा म्हणाला. "पण तू बोलताना माझ्याकडे का बघत नाहीस?"

"बघितलं तर विसरते."

"काय?"

"…बोलायचं."

तो हसला. मग बाहीवरचा डाग चोळू लागला. "माणसं माझ्याकडे नुकसान झाल्यावरच येतात. त्यामुळे मला सगळीकडे आधी तेच दिसतं. शनिवारी सगळे पांगणार. मी डोंगरातल्या पुढच्या मुक्कामाला, तू…"

"म्हणून?"

"म्हणून… काही नाही."

मला त्या 'काही नाही'चा असा राग आला! खुर्ची जशी मला नको होती, तसा हा मला हवा होता. इतकं साफ मला आयुष्यात फार थोड्या वेळा कळलंय.

शुक्रवारी प्रकाशकबाईंनी पडद्यावर चित्रं शांतपणे पाहिली. "काम आवडलं. पण आमच्या ऑफिसात येऊन बसाल ना?"

हो म्हटलं असतं तर काम तिथल्या तिथे पदरात होतं.

"नाही," मी म्हणाले. "काम वेळेवर येईल. मी येणार नाही."

बाईंनी पहिलं चित्र पुन्हा मागितलं. मग हसल्या. "बरं. वर्षभर बघू या."

मी लगेच दादाला फोन करून नाही म्हणून टाकलं. तो चिडला, मग म्हणाला, "हट्टी आहेस. काम चोख कर." एक शेळी तर हाकली होती. दुसरी टेबलाच्या पलीकडे मान खाली घालून अर्ज तपासत होती.

शनिवारी सकाळी बॅगा दारात येऊन थांबल्या. विमावाला शेवटचं काम उरकत होता, कानात हेडफोन. मी कपाटात गेले, दार लावलं आणि लॅपटॉपवर त्याचे हेडफोन निवडून जोडले. मग आईला फोन लावला.

पडद्यावर आई आली. ओठ हलले. मला ऐकू आलं नाही. यायला नकोच होतं.

"आई, जेवले. काम मिळालं. आणि मला एक मुलगा आवडतो. तो घाबरट आहे, पण माझ्यासाठी रोज प्रकाशकबाई झाला. तो पुढच्या मुक्कामाला चाललाय, आणि मला त्याच्याबरोबर जायचंय. तिकीट अजून काढलेलं नाही. त्याने 'ये' म्हटलं की काढीन."

आईचे डोळे विस्फारले. मग ती बरंच काही बोलली. मी नुसती बघत राहिले. छाती इतकी धडधडत होती, की गाद्यांनाही ऐकू गेलं असेल.

दार उघडलं. तो उभा होता. कान लालबुंद.

"पुन्हा चुकून जोडलंस?"

"नाही. या वेळी मुद्दाम." मी आता त्याच्याकडे सरळ बघत होते. "आई काय म्हणतेय?"

"म्हणतायत… त्याने 'ये' म्हटलं की तिकीट काढणार, हे मला काय सांगतेस, त्याला सांग." त्याने हेडफोन कानावर दाबला. "आणि विचारतायत, तो मुलगा काय म्हणतो?"

"मग? काय म्हणतो?"

तो आत आला. गुडघ्याला गुडघा लागला. या वेळी त्याने मागे घेतला नाही. पडद्यावरच्या आईकडे बघत, एकेक शब्द तोलून तो म्हणाला,

"म्हणतो, ये. आणि आईंना विचारतो… त्या उंटावर दोघांना जागा होईल का?"

आई काहीतरी म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसली.

"काय म्हणाली?" मी त्याची बाही धरली. "सांग ना!"

"म्हणाल्या, आधी नीट घट्ट धरून बसा," तो म्हणाला आणि माझा हात हातात घेतला. "शेळ्यांचं मग पाहू."