अंगणापुरता सूर्य

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मेघदार उघडलं.

किनारी मेघशाळेच्या पडद्यावर रत्नागिरी शहर राखाडी दिसत होतं, आणि त्या राखाडीत उजेडाचं एकच वर्तुळ होतं, शंभर पावलांचं. त्यात कौलं चमकली, तुळस चमकली, आणि तुळशीपाशी हात जोडून उभी असलेली एक लहानशी म्हातारी दिसली. वर्तुळाच्या कडेला पाऊस भिंतीसारखा उभा होता. आत एक थेंबही नव्हता. चार मिनिटांनी दार मिटलं.

"आज अकरावा दिवस," मागून आवाज आला.

शर्मिष्ठा साळवीने वळून पाहिलं. नियाज मुकादम दारात उभे होते. मेघशाळेत वाऱ्यांचं सगळं गणित तेच मांडत.

"चाचणीची जागा मी निवडायची असते, नियाजभाई."

"आणि रोज आईचंच अंगण निवडतेस?"

ती म्हणाली, "चातुर्मासात सूर्य पाहिल्याशिवाय आई जेवत नाही. सव्वीस वर्षं झाली. एरवी दोन-तीन दिवसांत ढग फाटतोच, तोवर ती घोटभर दुधावर काढते. यंदा सहा दिवस फाटला नाही. सातव्या दिवशी तुळशीपाशी कोसळली. जेव म्हटलं तर म्हणते, देवाला दिलेला शब्द मोडवत नाही."

"तिला ठाऊक आहे, हे ऊन कोण पाठवतं?"

"नाही. तिला वाटतं, तोच येतो."

नियाजभाई खुर्चीत बसले. "मागच्या ईदला आम्ही गच्चीवर मान मोडेपर्यंत चंद्र शोधत होतो. तेव्हा नाही गं सुचलं तुला?"

ती हसली. ते हसले नाहीत.

"शर्मिष्ठा, आपली ती यंत्रं, मेघपाखरं, ढगात शिरून काय करतात?"

"परीक्षा घेताय? थेंबांना विद्युत्भार देतात. सगळ्यांना एकाच जातीचा. सारख्या भाराचे थेंब एकमेकांना दूर लोटतात, ढगाला भोक पडतं."

"म्हणजे ढग नाहीसा होत नाही, बाजूला होतो. त्या बाजूला झालेल्याचं पुढे काय होतं, ते तू पाहिलंस?"

त्यांनी पडद्यावर दुसरं चित्र आणलं. सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहरापासून चाळीस किलोमीटरवर, एक काळा डाग होता. शाई सांडल्यासारखा.

"नैर्ऋत्येचा वारा तुझा ढग तासाभरात इथे आणून टाकतो. पुढे डोंगर. तो तिथेच अडतो. भार लवकर विझत नाही, म्हणून ढग बरसतही नाही नीट. नुसता साचतो. एकावर एक, अकरा दिवसांचा."

"तिथे काय आहे?"

"आंबेधार नावाची वाडी. आपलं पर्जन्यमापक आहे तिथे. उन्हावर चालणारं. नवव्या दिवशी बंद पडलं."

*

संध्याकाळी शर्मिष्ठाने आईला सगळं सांगितलं. सुधाताई वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, पण वात जाड होत गेली.

"अकरा दिवस मी जेवले," त्या म्हणाल्या. "वरण-भात. एकदा तर खीरही केलीस तू."

"आई, तू मेली असतीस."

"हो गं. तू काही वाईट मनाने नाही केलंस." मग पुढचा कापूस हातात घेत, "तिथे कोणी सूर्य बघून जेवणारं असलं तर?"

"आता कोण करतं असली व्रतं!"

"मी करते ना."

सकाळी दोघी निघाल्या. सुधाताईंनी डब्यात वरण-भात भरून घेतला, दोघींना पुरेल एवढा. स्वतः आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांच्या मनगटावर नाडीकंकण होतं. मेघपाखरं त्याच कंकणाच्या खुणेवर येत, कारण आई कधी अंगणात असे, कधी देवळात. शर्मिष्ठाने ते मुद्दाम चालू ठेवलं होतं. गाडीत तिने नियाजभाईंना फोन केला.

"आज दार आंबेधारलाच उघडेल. त्यांना त्यांचं ऊन परत मिळेल, आईला तिचं. हिशेब फिटला."

"आधी मला गणित मांडू दे," नियाजभाई म्हणाले. तेवढ्यात डोंगराआड आवाज तुटला.

आंबेधारच्या वळणावर दिवस बुडाला. घड्याळात पावणेअकरा वाजले होते. झाडीत काजवे होते. कोंबड्या खुराड्यातून बाहेरच आल्या नव्हत्या. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. गाडीतून उतरताच शर्मिष्ठाच्या हातावरचे केस उभे राहिले आणि तसेच राहिले. पहिल्याच घराच्या पडवीत कंदील लावून एक बाई तांदूळ निवडत होती.

"बाय, तुमच्याकडे कोणी सूर्याचं व्रत करतं का हो?" सुधाताईंनी विचारलं.

बाईने कंदील वर केला. "तुमाला कोनी सांगितलान? आमच्या सासूबाय. आज अठरावा दिस. दुधाचा घोट बी आता गिळवत न्हाय. डाक्टरला आनला, तर त्याला म्हनाल्या, सूर्य आन, मंग सुई टोच."

अंगणात बाजेवर भागूआजी पडली होती. अंगावर घोंगडी, तोंड आभाळाकडे. डोळे उघडे होते. सुधाताई बाजेच्या कडेला टेकल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"मीही तुमच्यासारखीच," त्या म्हणाल्या.

"मंग जेवलीस का गो?" भागूआजीने विचारलं.

सुधाताईंनी तिच्या अंगावरची घोंगडी सारखी केली.

अकरा चाळीसला आभाळात बारीकसा गुणगुणाट झाला. काळोखाला वाटीएवढं भोक पडलं, आणि ऊन थेट अंगणात उतरलं. सून किंचाळलीच. "आला! आत्याबाय, आला!" ती धावत आत जाऊन पान घेऊन आली. सुधाताईंनी डबा उघडला.

भागूआजी उन्हाकडे पाहत नव्हती. ती जमिनीवरच्या वर्तुळाची कड पाहत होती.

"ऐंशी वर्सांत सावनातला सूर्य असा कातरून आलेला न्हाय बघितला," ती हळू म्हणाली. "ह्यो कोनाचा?"

"आजी, तुमचाच आहे," शर्मिष्ठा पुढे झाली. "तुमचाच परत आणलाय. जेवा."

फोन वाजला. नियाजभाईंचा आवाज तुटत तुटत येत होता. "बंद कर. अगं, तिथला ढग साधा नाही. अकरा दिवसांचा भार आहे त्यात आधीच. आज आणखी दिलास तर तो नुसता सरकणार नाही, उधळेल..."

तिने पाखरं परत बोलावली. ती आली. पण वर्तुळ मिटलं नाही. पाहता पाहता ते अंगणाबाहेर गेलं, आंब्यावर चढलं, शेतं ओलांडून डोंगराला भिडलं. ढग कड्यावरून पलीकडे पळत होता, पाठीमागे कोणी लागल्यासारखा. सगळी वाडी उन्हात आली. कोंबड्या बाहेर पडल्या. कोणीतरी देवळातली घंटा बडवू लागलं.

"घाटापलीकडून फोन येतायत," नियाजभाई म्हणाले. "भर दुपारी दिवे लावलेत. चार तालुक्यांत."

"किती दिवस?"

"ढग बरसेल तेव्हा खरं. आता मला सांगता येत नाही."

शर्मिष्ठाने फोन खाली घेतला. आईने सगळं ऐकलं होतं.

"कोनाचा, सांगितलंस न्हाय," भागूआजी म्हणाली.

"पलीकडच्यांचा," सुधाताई म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं असतं, तर त्या क्षणी दोघी जेवल्या असत्या. शर्मिष्ठा पुढे कितीतरी वेळ तेवढाच विचार करत राहिली.

भागूआजीने डोळे मिटून घेतले. सुधाताईंनी डब्याला झाकण लावलं, बाजेशेजारी मांडी घातली आणि त्यांनीही डोळे मिटले. सून कधी पानाकडे बघे, कधी सासूकडे, कधी त्या स्वच्छ निळ्या आभाळाकडे.

"आई, डोळे उघड," शर्मिष्ठा म्हणाली. "आई."

"हा आपला नाही. तो गेला की सांग," सुधाताई शांतपणे म्हणाल्या.

एक वाजला. मग दोन. म्हाताऱ्यांच्या मिटल्या पापण्यांवर ऊन लखलखत होतं, आणि भागूआजीचा श्वास घोंगडीखाली आता जेमतेम हलत होता.

"गेला का गो?" तिने विचारलं.

शर्मिष्ठाने वर पाहिलं. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत एकही ढग नव्हता.